साडेतीन लाख वेळा मंगला

सौंसरच्या बस स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात मंगला सोमकुंवर पुढच्या बाकावर बसायची. मागच्या नाही, पुढच्याच. आता सांगायला हे सोपं वाटतं, पण त्या बाकासाठी तिने सव्वा महिना घालवला होता. हॉटेलवाला तिला चहा द्यायचा तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात, आणि तो कप इतर कपांत न मिसळता खिडकीच्या फळीवर एकटा पालथा घालायचा. मंगला भांडली नाही. ती रोज छिंदवाड्याच्या बसच्या वेळेला यायची, तो कप बाजूला सरकवायची आणि दुसऱ्या कपात मागायची. नाही मिळाला की चहा न पिता तिथेच बसून राहायची, अगदी दारात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. शेवटी हॉटेलवालाच कंटाळला. त्याने तो तुटका कप फेकला आणि सगळ्यांच्या कपात तिला चहा दिला. मंगलाने तो निवांत प्यायला आणि वर त्याला सांगितलं की चहात आलं कमी आहे.

अशी बाई होती ती. लोक तिला आगाऊ म्हणत. मी म्हणेन, तिला दुसरं काही होणं परवडणारंच नव्हतं.

कुष्ठरोगाला आमच्याकडे नुसतं ‘बिमारी’ म्हणतात; ती तिला एकोणिसाव्या वर्षी झाली होती. लग्न होऊन ती तिगावला गेली होती. सासूने तिची पाठ घासताना एक फिकट चट्टा पाहिला आणि तिथे सुई टोचून बघितली. सुनेला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरने नवऱ्याने तिला पांढुर्ण्याला आणलं. तिला ट्रंकेसकट खाली उतरवलं आणि तो स्वतः डब्यातच बसून राहिला. गाडी सुटली. मंगलाचा बाप सुखदेव सौंसरच्या नगरपालिकेत झाडूचं काम करायचा; निरोप मिळाल्यावर तो येऊन तिला बसने घरी घेऊन गेला. बसमध्ये तो तिच्या शेजारी खेटून बसला, लोकांना दिसेल असा.

पुढची आठ वर्षं गोळ्या. त्या भागात कुष्ठरोगाचं काम करणारी एक संस्था होती, तिच्या दवाखान्यातून त्या मिळायच्या. ब्याऐंशी साली डॉक्टरांनी कार्डावर ‘बरी झाली’ असं लिहिलं, आणि ती मॅट्रिक झालेली आहे हे कळल्यावर तीच कार्डं लिहायला तिला कामावर ठेवलं. संस्थेत एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळत. बाजारात, बसमध्ये, लग्नात कुठेही रोगी भेटला तर ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर दाखवू द्यावी, आपण नाही. मंगला सौंसरच्या बाजारात मान खाली घालून भाजी घ्यायची ती लाजेने नव्हे. तिथल्या निम्म्या पिशव्यांच्या मालकिणींची कार्डं तिनेच लिहिली होती.

बायकांची आणखी एक रीत होती. दवाखान्यात नाव सांगायचं ते माहेरचं. बोरगावची कलाबाई चांगली आठ एकरांच्या घरातली सून, पण कार्डावर ती माहेरच्या गावाची आणि बापाच्या नावाची कोणीतरी भलतीच होती. सासरी कोणाला पत्ता नव्हता. सतरंजी विकत आणायला जाते असं सांगून ती महिन्याला गोळ्या न्यायची. चार वर्षांत त्या घरात किती सतरंज्या झाल्या असतील देव जाणे. हे माहेरचं नाव म्हणजे तिच्यासारख्या शेकडो बायकांचं पांघरूण होतं.

आणि ते पांघरूण मंगलाने स्वतःच्या हाताने ओढून काढलं.

झालं असं की सत्त्याऐंशी साली संस्थेला परदेशातून एक कॉम्प्युटर मिळाला. सौंसरात तोपर्यंत असलं यंत्र कोणी पाहिलं नव्हतं. कार्यालयाचे प्रमुख भैय्याजी यांनी त्याच्यासाठी एक खोली रंगवून घेतली, पडदे लावले आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली. मंगला नागपूरला सहा आठवडे शिकून आली, आणि मग वर्षभर अकराशे त्रेचाळीस माणसं तिने त्या यंत्रात भरली. तिला काम नीट करायची खोड होती. एकाच बाईची दोन नावांनी दोन कार्डं निघतात, गोळ्यांचा मेळ लागत नाही, म्हणून तिने प्रत्येक माहेरच्या नावापुढे सासरचं नाव, गाव आणि नवऱ्याचं नाव जोडलं. सगळी तिला तोंडपाठ होती. डॉक्टरांनी पाठ थोपटली. तीही खूश झाली. वर्षानुवर्षं विखुरलेलं ते गुपित तिने एका पेटीत, अकारविल्हे, नीटनेटकं लावून ठेवलं होतं.

एकोणनव्वद साली संस्थेचं काम आटोपलं. नव्या औषधांनी रोगी बरे झाले होते, परदेशचा पैसा थांबला. उरलेल्या रोग्यांची रजिस्टरं मोहोर लावून छिंदवाड्याच्या सरकारी दवाखान्यात गेली, डॉक्टर आपल्या गावी गेले, आणि मागे टेबलं, कपाटं, सायकली नि कॉम्प्युटर यांचा लिलाव पुकारला गेला. कॉम्प्युटर भगवंतरावांनी घेतला.

भगवंतराव म्हणजे संत्र्यांचे मोठे व्यापारी. बोरगावच्या रस्त्यावर त्यांची शेड होती. तिथे हंगामात साठ-सत्तर बाया संत्री निवडून, कागदात गुंडाळून पेट्या भरायच्या. त्यांना वाईट माणूस म्हणून मोकळं होता येत नाही. बायांना ते वेळेवर मजुरी द्यायचे, पोरींच्या लग्नाला आहेर करायचे. पण त्या वर्षी नागपूरच्या एका दलालाने हसत हसत म्हटलं होतं की तुमच्याकडे संत्र्याला रोगी बायांचे हात लागतात म्हणे. ते हसणं भगवंतरावांच्या डोक्यात बसलं. त्यांनी आधी रजिस्टर मागून पाहिलं होतं; डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. मग त्यांना कळलं की सगळी नावं यंत्रातही आहेत. कॉम्प्युटरची त्यांना गरज नव्हती असं नाही, पण तो घ्यायची घाई झाली ती या नावांसाठी.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले, चपला काढून खोलीत शिरले आणि खुर्चीवर बसून मंगलाशी चांगलं बोलले. आता तुमची नोकरी जाणार, माझ्याकडे या, हेच यंत्र चालवा, पक्कं काम देतो. मग हळूच म्हणाले, आत जे आहे ते तसंच राहू द्या.

मंगलाने विचारलं, ते कशाला.

"माह्या शेडमधी कोण आहे ते मले समजलं पाहिजे," भगवंतराव म्हणाले. "यात ज्यायचं नाव निघन त्यायले मी कामावरून काढीन. गुपचूप काढीन, बोभाटा करनार नाही. त्यायच्या घरी सांगनार बी नाही."

आता सांगा, हंगामाच्या ऐन मध्यात शेडमधून एका दिवशी वीस-पंचवीस बायांना घरी पाठवलं तर बोभाटा करायला वेगळा माणूस लागतो का? संध्याकाळपर्यंत गावोगाव सासवा सुया घेऊन बसल्या असत्या. त्या बायांत कलाबाई होती. दोन वर्षं कापूस बुडाल्यावर तीही शेडमध्ये यायला लागली होती, आणि तिच्या मुलीची, पुष्पाची, सोयरीक पांढुर्ण्याच्या एका घरी जवळजवळ जमली होती. ज्या घरात ही बिमारी होऊन गेली त्या घरातली मुलगी आमच्याकडे कोणी करत नाही. बरी झाली हे कोणी ऐकत नाही.

मंगलाने सांगितलं की ती नावं संस्थेची नाहीत नि माझीही नाहीत, देता येत नाहीत. भगवंतराव हसले आणि भैय्याजींकडे गेले. भैय्याजी भला माणूस, पण कागदावर सही करायला सांगितली की त्यांचं पेन आधी चालायचं नि डोकं नंतर. त्यांनी लिहून दिलं: यंत्र जसे आहे तसे, गुरुवारी दुपारी ताब्यात देण्यात येईल.

मंगलाने त्या कागदाला भीक घातली नाही. मंगळवारी सकाळी तिने नावांची फाइल पुसायचा हुकूम दिला, यंत्राने क्षणात पुसली, यादीतून ती नाहीशी झाली. नावांच्या नकला असलेल्या सतरा फ्लॉप्या होत्या. त्या तिने आणि म्हाताऱ्या शिपाई कवडूने मिळून कात्रीने कापल्या आणि मागच्या अंगणात पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. फार घाण वास आला. कवडूला तिने यंत्र पुसून ठेव म्हटलं होतं; त्याने रॉकेलच्या बोळ्याने ते इतकं चकचकीत पुसलं की खोलीभर कंदिलाचा वास सुटला. सगळं साफ झालं अशी दोघांचीही खात्री पटली.

बुधवारी नागपूरहून श्रीकांत आला. यंत्राची देखभाल तोच करायचा, मंगलाला शिकवलंही त्यानेच होतं, आणि आता भगवंतरावांचं कामही त्याच्याकडेच जाणार होतं. मंगलाने मोठ्या रुबाबात सांगितलं की सगळी नावं पुसली. श्रीकांतने खिशातून एक फ्लॉपी काढली, यंत्रात घातली, दोन-चार बटणं दाबली. यंत्राने त्याला फाइलच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर विचारलं. त्याने ते भरलं. आणि पडद्यावर अकराशे त्रेचाळीस माणसं जशीच्या तशी उभी राहिली, माहेर, सासर, गाव, नवरा, सगळ्यांसकट.

आयुष्यात मंगला फार वेळा घाबरली नव्हती, पण तेव्हा घाबरली. तिच्या डोळ्यांसमोर कलाबाईची ओळ होती.

श्रीकांतने तिला समजावलं. पुसायचा हुकूम दिला की यंत्र आतलं काहीच पुसत नाही. नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतं आणि ही जागा आता मोकळी आहे असं मानतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर जुनं तिथेच पडून राहतं. सगळं नव्याने फॉर्मॅट केलं तरी ते खाली राहतंच.

"म्हंजे निवडणुकीच्या भिंतीसारखं," मंगला म्हणाली. गावातल्या भिंतींवरच्या घोषणांवर नगरपालिका चुना मारायची, आणि महिन्या-दोन महिन्यांत खालची अक्षरं पुन्हा वर यायची. सुखदेवने असा चुना कितीदा मारला होता. ज्या भिंतीवर दुसऱ्या पक्षाने डांबराने आपली घोषणा लिहिली तिथलीच जुनी घोषणा कायमची जायची.

"तसंच," श्रीकांत म्हणाला. "पूर्ण डिस्क भरा लागते. काही बी लिहा, पण एक बी जागा सुटली नाही पाहिजे. जागा नाही असं यंत्र म्हनेपर्यंत." मग त्याने आपली फ्लॉपी खिशात घातली. "ताई, भगवंतरावजी मले शुक्रवारी हेच काढाले बोलावून राहिले. मी नाही म्हनलो तं दुसरा येईन. जे निघन ते मी दाखवीन. जे नाही निघनार ते कुठून दाखवू?"

एवढं सांगून तो दुपारच्या बसने नागपूरला गेला. त्याच्यावर रागवायचं की त्याचे आभार मानायचे हे मंगलाला ठरवता आलं नाही, म्हणून तिने दोन्ही सोडून दिलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता तिने कवडूला किल्ली घेऊन बोलावलं. यंत्र चालू होण्यापुरतं ठेवून बाकी सगळं काढलं. आता भरायचं काय? श्रीकांत म्हणाला होता, काहीही. तिने आधी नुसती शून्यं टाकायचं ठरवलं. मग हात थांबला. शून्य म्हणजे पुन्हा लपवणंच की. कोणीतरी काहीतरी पुसलं, त्यात काहीतरी लाजिरवाणं होतं, असं ते शून्य ओरडून सांगणार. तिला सासूची सुई आठवली, डब्यात बसून राहिलेला नवरा आठवला, खिडकीतला पालथा कप आठवला, आणि तिला असा राग आला की तिने खुर्ची पुढे ओढली आणि इंग्रजी अक्षरांत एक ओळ टाइप केली.

मंगला सुखदेव सोमकुंवर, सौंसर. बिमारी होती. बरी झाली.

कवडूला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने विचारल्यावर तिने वाचून दाखवलं. कवडू दचकला. म्हणाला, बाई, हे काऊन लिहून राहिली, सारी नावं जाऊन राहिली तं आपलं बी जाऊ दे ना.

"दुसऱ्याचं नाव सांगाचा मले हक नाही," मंगला म्हणाली. "माह्या नावावर माहा हक आहे. हे कोनाच्या बापाचं नाही."

मग तिने ती एक ओळ दुप्पट केली. दोनाच्या चार, चाराच्या आठ. सुरुवातीला यंत्र चटकन उत्तर द्यायचं, मग रेंगाळायला लागलं, आतून किरकिर आवाज यायला लागला. दहा वाजता वीज गेली. सौंसरात वीज जाणं म्हणजे काही विशेष नव्हे, पण त्या दिवशी कवडूने वीज मंडळाच्या सात पिढ्यांना आठवलं. पावणेअकराला आली. मंगलाने पुन्हा सुरुवात केली. मोठी फाइल मावेना तेव्हा लहान भरली, ती मावेना तेव्हा त्याहून लहान, भांड्यात वरून मूठमूठ तांदूळ दाबावेत तसं. शेवटी यंत्राने सांगितलं, जागा नाही. तिने ते सगळं काढून टाकलं आणि परत पहिल्यापासून भरलं. मग तिसऱ्यांदा. एकदा सारवून तिचा विश्वास बसणार नव्हता. मंगळवारी एकदा फसली होती तेवढं पुरे होतं.

हिशेब केला तर ती एक ओळ त्या डिस्कवर साडेतीन लाख वेळा मावली होती. तेवढी तर त्या तालुक्यात माणसंही नसतील.

दुपारी भगवंतरावांची जीप आली. भैय्याजींनी यंत्र जसे आहे तसे ताब्यात दिलं. मंगलाने घरी जाताना भैय्याजींना सांगून टाकलं की नावं मी काढली आहेत, कागद तुमचा होता, काम माझं आहे, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. भैय्याजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की बरं केलं, आणि लगेच म्हणाले की मी असं म्हटलं हे कोणाला सांगू नका.

शनिवारी दुपारी भगवंतरावांचा माणूस तिला बोलवायला आला. ती गेली. जायची काही सक्ती नव्हती, पण न जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेडच्या टोकाला त्यांचं ऑफिस होतं. आत टेबलावर यंत्र होतं, शेजारी श्रीकांत भिंतीकडे बघत उभा होता. पडद्यावर तिची ओळ खालून वर सरकत होती. संपत नव्हती. भगवंतरावांनी कालपासून ती सरकवून पाहिली होती, मध्ये कुठे तरी दुसरं नाव येईल म्हणून. श्रीकांतने सुरुवात दाखवली, मध्य दाखवला, शेवट दाखवला. जिथे उघडावं तिथे मंगला.

"नावं कुठी आहेत?" भगवंतरावांनी विचारलं.

"हे काय," मंगला म्हणाली. "तुमाले नाव पाहिजे होतं ना जी. पुरं पत्त्यासकट लिहून देल्लं."

भगवंतरावांचा आवाज चढला. तुमच्यावर केस करीन, लिलावाचा माल खराब केला, सौंसरात कोणी तुम्हाला दारात उभं करणार नाही, असं बरंच बोलले. बाहेर शेडमधली बडबड थांबली. पत्र्याच्या भिंती त्या, सगळ्या बायांना सगळं ऐकू जात होतं. मंगलाने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग तीही बोलली, आवाज खाली न घेता, बाहेर ऐकू जातंय हे माहीत असून.

"भगवंतरावजी, तुमी म्हटलं होतं का यात ज्याचं नाव निघन त्याले कामावरून काढता. निघालं ना. मंगला सोमकुंवर. बिमारी होती, बरी झाली. आता काढा मले." ती दाराशी गेली. "पन काढ्यासाठी पयले कामावर तं ठेवा लागन."

श्रीकांतने भिंतीकडे तोंड केलं ते तसंच ठेवलं, पण त्याचे खांदे हलत होते. पडद्यावर तिची ओळ सरकतच होती.

ती बाहेर आली. शेडमध्ये दोन्ही बाजूंना बाया पोत्यांवर बसल्या होत्या, मांडीवर संत्री, हातात कागद, आणि सगळ्यांचे हात थांबलेले. चारचा चहा नुकताच आला होता. मंगला सवयीप्रमाणे मान खाली घालून मधल्या वाटेने निघाली. त्यांतल्या तेवीस बाया तिला माहीत होत्या, आणि तिने एकीकडेही पाहिलं नाही. ओळख दाखवायची नाही.

दाराजवळ कलाबाई बसली होती. चार वर्षं तिने बाजारात मंगलाला कधी पाहिल्यासारखं केलं नव्हतं. तिने मांडीवरची संत्री टोपलीत ठेवली, पोत्यावर थोडी बाजूला सरकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मंगला, बस इथिसा. चहा पिऊन जाय."

आणि आपल्या हातातला, अर्धा प्यायलेला कप तिने पुढे केला. मंगला उभीच राहिली. मग ती कलाबाईच्या शेजारी खेटून बसली आणि तिने तो चहा प्यायला.